काचेपलीकडे हेझल, फोनवर मेधाताई

प्रसन्नला खोकला लागून तीन दिवस झाले होते, आणि त्या तीन दिवसांत संध्यानं त्या आजाराचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं.

तीन नंबरच्या शेडमध्ये ती ट्रॉलीवर उभी होती. फळ्यांच्या पाच थरांवर पांढरी मशरूम दाटीनं उगवलेली. तीन बोटांनी धरायचं, हलकं पिळायचं, छोट्या सुरीनं देठ कापायचा, डब्यात ठेवायचं. बोटाचा ठसा उमटला तर माल परत येतो. बाहेर, डब्लिनच्या उत्तरेकडच्या मोनॅहनच्या टेकड्या गोठल्या होत्या आणि आत अंगाला चिकटणारी ओल, खताचा आंबूस वास. मास्क भिजून नाकाला लागत होता. पत्र्याच्या भिंतीपलीकडे यार्डात प्रसन्न फोर्कलिफ्टवर खताचे ठोकळे उतरवत होता. खोकला आला की त्याचं मशीन थांबायचं. मशीन थांबलं की संध्याची सुरी थांबायची.

मालक सॅम्युअल इर्विन शेडच्या दारात येऊन उभा राहिला. साठीचा, उंच, कधीही आवाज न चढवणारा माणूस.

"नवऱ्याला काय झालंय तुझ्या?"

"कोल्ड," संध्या म्हणाली. "ओन्ली कोल्ड."

"ग्रँड, मग ठीकच आहे. सर्दीची कुणी टेस्ट करत नाही." तो फळीवरची मशरूम बघत बोलत होता, तिच्याकडे नाही. "एकाची टेस्ट आली की सगळी शेड बंद. तीस माणसं घरी बसणार, माल फळीवर सडणार. कळतंय ना?"

"येस, बॉस."

तो वळला आणि जाता जाता म्हणाला, "तुमची परमिटं मार्चमध्ये रिन्यू करायची आहेत, नाही का?"

संध्यानं पुढचं मशरूम धरलं आणि ते तिच्या बोटांत फुटलं.

राहायचं घरही मालकाचंच होतं. शेडच्या मागं चिखलाच्या वाटेवर एक बैठा बंगला. एका खोलीत संध्या आणि प्रसन्न उजागरे, दुसरीत दोघी बल्गेरियन बहिणी, स्वयंपाकघर सामायिक. नेवाशाकडच्या गावात नऊ वर्षांची तन्वी आजीजवळ होती, आणि रविवारी व्हिडिओवर तिला दोघंही हसून दाखवायचे. या रविवारी प्रसन्न कॅमेऱ्यासमोर आलाच नव्हता. "पप्पा झोपलेत," संध्यानं सांगितलं होतं.

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर तिनं पाहिलं, बहिणींनी आपली भांडी स्वयंपाकघरातल्या कपाटातून काढून खोलीत नेली होती. कपाटाचं त्यांचं अर्धं रिकामं. एक बहीण दार किलकिलं करून म्हणाली, "नो डॉक्टर, प्लीज. वुई ऑल लूज वर्क." आणि दार लावून घेतलं.

गुरुवारी प्रसन्न कामावर गेला नाही. भिंतीला पाठ लावून पलंगावर बसून राहिला, कारण आडवं झालं की दम लागत होता.

"अहो, डॉक्टरला फोन करू का?"

"नको." एक श्वास. "मार्चपर्यंत कळ काढू." पुन्हा श्वास. "बरा व्हतो मी."

त्याच्या गळ्याच्या खळगीत दर श्वासाला खड्डा पडत होता. संध्याला लहानपणी गोठ्यात पाहिलेलं, फऱ्या रोग झालेलं वासरू आठवलं. ते असंच बरगड्यांनी श्वास घेत होतं. ती खोलीबाहेर आली आणि स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली.

ओट्यावर अंड्यांचं खोकं होतं. दर बुधवारी ते फाटकाच्या खांबावर ठेवलेलं असायचं. चर्चमधली हेझल ठेवायची. एकाहत्तर वर्षांची विधवा, दोन शेतं पलीकडे एकटी मेंढ्या राखणारी. चौदा महिने संध्या आणि प्रसन्न त्या छोट्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जात होते. शेवटच्या बाकावर बसायचे. नाताळानंतर साथीच्या बंदीत चर्च बंद झालं, तरी अंडी येत राहिली. या खेपेला खोक्यात घडी घातलेला एक कागद होता. डब्लिनच्या एका ख्रिस्ती सेवेचा. परदेशातून आलेल्या कामगारांनी अडचणीत फोन करावा, अमुक नंबर, अमुक भाषांत बोलता येईल. भाषांच्या यादीत खाली हेझलनं पेन्सिलीनं एका नावाखाली रेघ मारली होती. मराठी.

संध्यानं नंबर लावला आणि पहिल्या रिंगला बंद केला. मग अंगावर जाकीट चढवून घरामागं कचऱ्याच्या डब्यांपाशी गेली, कुणी ऐकू नये म्हणून, आणि पुन्हा लावला.

"सलाम," पलीकडून बाईचा आवाज आला. "मी मेधा बोलतेय. मराठीत बोला, निवांत बोला."

सलाम ऐकल्यावर संध्याला रडूच आलं. ख्रिस्ती मिशनच्या गावातलं माणूस भेटल्यावर म्हणतात तो सलाम. दोन वर्षांत तो कुणी म्हटला नव्हता.

"ताई, नाव इचारू नका."

"नाही विचारत. काय झालंय तेवढं सांगा."

तिनं सांगितलं. मेधा मध्ये फक्त दोनदा बोलली. ओठांचा रंग कसा आहे, आणि एक वाक्य तरी एका दमात बोलता येतंय का. संध्या आत जाऊन बघून आली.

"निळे दिसत्यात, ताई. मला वाटलं उजेडानं."

"मग आपण आत्ता अँब्युलन्स बोलवायची. एकशे बारा. मी शेजारी आहे समजा, फोन जोडून घेते."

"नको! बॉस परमिट काढून घेईल. टेस्ट करू नका म्हणलाय त्यो."

"असं म्हणाला? बरं. आजारी पडला म्हणून परमिट जात नाही. आमच्याकडं त्यातलं जाणणारी माणसं आहेत, त्या बाजूनं आम्ही उभे राहू. पण संध्याकाळपर्यंत तुमचा माणूस टिकला पाहिजे. आणि मी डब्लिनजवळ क्लोनडॉकिनला, शंभर किलोमीटरवर. पाच किलोमीटरच्या पुढं जायची बंदी आहे. माझा हात तिथं पोचत नाही. तुमच्या चर्चमधलं कुणी जवळ आहे का?"

"चर्चमधलं नकोच. बॉस चर्चात दुसऱ्या बाकावर बसतो, ताई. दान गोळा करतो. समदे त्याचे हायेत."

"समदे?"

संध्यानं मेंढ्यांच्या शेताकडे पाहिलं. मग म्हणाली, "हेझल आंटी."

"नंबर देऊन तुम्ही हो म्हणाल तरच फोन करीन. नाहीतर नाही."

आतून खोकला आला नाही, आणि तेच जास्त भयंकर वाटलं. "करा," संध्या म्हणाली.

पंधरा मिनिटांत हेझल शेतातून चालत आली. रबरी बूट, नवऱ्याचा जुना कोट, काठी. खिडकीच्या कट्ट्यावर तिनं बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचा चिमटा ठेवला. नवऱ्याच्या शेवटच्या आजारात घेतलेला. मग सहा पावलं मागं सरकली. "बोटाला लाव. आकडा मला दाखव."

संध्यानं तो प्रसन्नच्या बोटाला लावला आणि आकडा कागदावर लिहून काचेला टेकवला. ब्याऐंशी. हेझलनं तो वाचला आणि चेहरा न हलवता खिशातून फोन काढला. अँब्युलन्सला रस्ता तिनंच सांगितला, कारण त्या वाटांना नावं नव्हती. कुठल्या फाटकाला वळायचं, कुठलं झाड पडलंय, कुठं बर्फ धरलाय.

अँब्युलन्स चिखलातून आली तेव्हा इर्विनची जीप वाटेच्या तोंडाशी उभी होती. तो खाली उतरला नाही. प्रसन्नला स्ट्रेचरवरून नेताना त्याच्या एका पायातला मोजा निसटला होता आणि तळपाय उघडा पडला होता. संध्या मोजा घेऊन धावली. अवकाशवीरासारखा पोशाख केलेल्या बाईनं तिला हातानं अडवलं. मोजा संध्याच्या हातातच राहिला.

दोन दिवसांनी तिचीही टेस्ट पॉझिटिव्ह आली, आणि शेडमधल्या अकरा जणांची. बहिणींना दुसरीकडे हलवलं. शेड बंद झाली. इर्विन म्हणाला होता तसंच सगळं झालं. संध्याला ताप होता, वास गेला होता. रिकाम्या घरात ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायची. पत्र्यावर काही वाजलं तरी दचकायची.

रोज अकरा वाजता मेधाताईचा फोन यायचा. मूळची पुण्याच्या कॅम्पातली ही बाई औषधांच्या कारखान्यात नमुने तपासायची आणि उरल्या वेळात ही सेवा करायची. हॉस्पिटलला फोन करून ती आधी माहिती काढायची, मग सावकाश सांगायची. ऑक्सिजन किती लावलाय, पालथं का झोपवतात. परमिटचे कागद तिनं मागवून घेतले, सेवेतल्या वकिलाला दाखवले. शेवटी दोघी प्रार्थना करायच्या, मराठीत. संध्याला इंग्रजीत प्रार्थना येत नव्हती असं नाही, पण इंग्रजीत मागितलेलं आपलं वाटत नव्हतं.

आणि दुपारी दोनला हेझल यायची. सूप, पाव, सरपणाची पोती. मग घडीची खुर्ची उघडून खिडकीबाहेर बसायची, थंडीत, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. बोलणं फार होत नसे. तिचे उच्चार संध्याला निम्मे कळायचे. पण अर्धा तास काचेपलीकडे कुणीतरी श्वास घेतंय हे दिसायचं.

आठव्या दिवशी ती बसली असतानाच हॉस्पिटलचा फोन आला. तरुण डॉक्टर, आवाज घाईचा आणि थकलेला. संध्यानं कान दाबून ऐकलं. मशीन, टायर्ड, व्हेरी सिक, असे तुकडे कळले. आणि मग स्पष्ट कळलं, "वुई आर गोइंग टू पुट हिम टू स्लीप."

हेझलचं म्हातारं कुत्रं गेल्या उन्हाळ्यात उठेनासं झालं होतं. तेव्हा हेझलनं हेच शब्द वापरले होते. पुट हिम टू स्लीप. जनावरांच्या डॉक्टरनं सुई दिली होती आणि कुत्रं शेताच्या कडेला पुरलं होतं.

"नो," संध्या ओरडली. "नो, नो! ही इज मॅन! प्लीज, नॉट डॉग!"

डॉक्टर काही बोलत राहिला. तिला शब्द ऐकू येईनात. ती खिडकीखाली बसली. हेझल खुर्चीवरून उठून काचेशी आली, खिशातला, त्या सेवेचाच दुसरा कागद दाखवू लागली. कागदावरचा नंबर. संध्यानं मेधाला जोडून घेतलं.

मेधानं डॉक्टरला दोन मिनिटं इंग्रजीत विचारलं. मग तिचा आवाज मराठीत आला. "संध्या, ऐका. मारणार नाहीत. भूल देणार आहेत. प्रसन्नदादा श्वास घेऊन घेऊन थकलेत. त्यांना झोपवून मशीन त्यांच्या वतीनं श्वास घेणार. फुप्फुसाला विसावा."

"उठतील का?"

मेधानं विचारलं. "सांगता येत नाही म्हणतात. मी खोटं बोलणार नाही तुमच्याशी. झोपवायच्या आधी फोन त्यांच्या कानाला लावतील. एक मिनिट मिळेल."

पलीकडे ऑक्सिजनचा फुसफुस आवाज येत होता. ती म्हणाली, "अहो, मी हाये. तन्वी बरी हाये. तुम्ही झोपा." आणि वर पाहिलं तर हेझलनं हातमोजा काढून उघडा तळवा काचेला टेकवला होता. म्हातारा, भेगाळलेला हात, थंडीनं लाल झालेला. संध्यानं आपला तळवा आतून त्यावर ठेवला. काच गार होती. फोन बंद झाल्यावरही दोघींनी हात काढला नाही.

पुढचे बारा दिवस तसेच गेले. रोज एक आकडा, कधी चांगला, कधी वाईट.

त्यात एका सकाळी इर्विन आला. दारापासून लांब उभा राहून त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतला कागद उंबऱ्यावर ठेवला. "यावर सही कर. सरकारचे इन्स्पेक्शनवाले विचारणार आहेत. तुझा नवरा आजारी असल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच आहे."

संध्या उंबऱ्याशी वाकली. "आय... आय रीड, बॉस."

"वाचण्यासारखं काही नाही. मार्च जवळ आला, संध्या. मलाही फॉर्म भरायचाय तुमचा."

सहीसाठी पेनही पिशवीत होतं. तिनं ते उचललंसुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, कागदाचा फोटो काढून मेधाला पाठवला. लगेच फोन वाजला. "सही करू नका. पेन खाली ठेवा. नंतर कळवते म्हणा."

"समोर उभाय त्यो," संध्या कुजबुजली.

"असू दे. मी फोनवर आहे."

पण फोनवर असणं आणि अंगणात असणं यात अंतर होतं, ते संध्याला कळत होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. हेझल पिशव्या घेऊन येत होती. तिनं इर्विनकडे पाहिलं, उंबऱ्यावरच्या कागदाकडे पाहिलं. पिशव्या खाली ठेवल्या आणि आपली खुर्ची उघडून बसली.

"हेझल, हे शेतीचं काम आहे," इर्विन म्हणाला. "चर्चचा यात संबंध नाही."

"मी सूप आणलंय, सॅम," हेझल म्हणाली. "तिचं वाचून होईस्तोवर बसते." तिचा आवाज कापत होता. संध्यानं पहिल्यांदाच पाहिलं, हेझललाही भीती वाटत होती.

इर्विन कागद न घेताच गेला.

दुसऱ्या दिवसापासून हेझलच्या मेंढ्यांना गवताच्या गाठी पोचवायला इर्विनचा ट्रॅक्टर आला नाही. तीस वर्षं तो यायचा. हेझल स्वतः गाठी सोडून, काट्यानं चारा उचलून हातगाडीवर नेऊ लागली. खिडकीपाशी येऊन बसायची तेव्हा कंबर धरून बसायची. चर्चच्या पाळकांचाही तिला फोन आला होता. तरुण माणूस, तीन चर्चं सांभाळणारा. डब्लिनची सेवा आहे ना, तर हे प्रकरण त्यांच्यावरच सोडू या का, म्हणाले. हेझलनं ते संध्याला सावकाश, सोप्या शब्दांत सांगितलं. "मी म्हटलं, डब्लिनवाल्यांकडे सूप नाही. पुढच्या दिवशी पाळक सरपण घेऊन आला. पोती त्यानंच वाहिली."

त्या शुक्रवारी संध्या मेधाला म्हणाली, "ताई, मला आता चर्च नको. जिथं त्यो माणूस बसतो तिथं मी पाय ठेवणार नाही. तुम्हीच माझं चर्च."

"नाही," मेधा म्हणाली, आणि इतकी पटकन म्हणाली की संध्या दुखावली. "रागावू नका. माझ्याकडे तुमच्यासारख्या सतरा जणी आहेत. मी कागद वाचू शकते, तुमच्या भाषेत रडू शकते. पण तुम्ही पडलात तर मला आवाजही येणार नाही. परवा कागदाच्या वेळी माझा फोन लागला नसता तर? हेझलबाईंना तुमचं बोलणं कळत नाही, मला तुमचं अंगण दिसत नाही. आम्ही दोघी मिळून कुठं एक बाई होतो."

दोन दिवस संध्यानं फोन त्रोटक ठेवला.

फेब्रुवारीच्या मध्याला इन्स्पेक्शनची बाई चर्चच्या हॉलमध्ये बसली. खिडक्या उघड्या, टेबलं लांब लांब. मेधा फोनच्या स्पीकरवर, वकील दुसऱ्या फोनवर, हेझल दाराशी कोट घालून. बाहेर इर्विनची जीप होती की दुसऱ्या कुणाची, हे संध्याला शेवटपर्यंत कळलं नाही. तिनं तिकडे पाहिलंच नाही.

"टेस्ट करू नका असं कुणी सांगितलं?"

मेधानं प्रश्न मराठीत सांगितला. संध्यानं मांड्यांवर हात दाबून धरले. नाव घेतलं की घर जाणार, काम जाणार, तन्वीपर्यंत जायची वाट बंद होणार, असं तिला वाटत होतं. त्यातलं काय खरं आणि काय नाही हे कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं, मेधालाही नाही.

"मिस्टर इर्विन," ती म्हणाली. "तीन नंबरच्या शेडात. मंगळवारी. मी ट्रॉलीवर हुते." आणि मग जे बोलली ते सगळं मराठीतच बोलली, न थांबता. मेधाला भाषांतर करत मागून धावत यावं लागलं.

घर गेलंच. हेझलनं आपल्या मागच्या दोन खोल्या उघडल्या, पाळकानं गाद्या आणल्या. चर्चमधल्या चार घरांनी हेझलशी बोलणं सोडलं, दोन घरं न बोलावता सामान हलवायला आली. दुसरीकडे काम करायच्या परवानगीचा अर्ज वकिलानं भरला. उत्तर यायचं होतं.

बारा दिवस मशीनवर झोपून उठलेला प्रसन्न चौतीस दिवसांनी हॉस्पिटलमधून आला. गाडीतून उतरल्यावर हेझलच्या दारापर्यंत तो तीनदा थांबला. पँट दोरीनं बांधली होती. त्या दिवशी त्यानं तन्वीला तोंड दाखवलं. तन्वी ओरडली, "पप्पा, किती बारीक झालात!" आणि तो हसताना धापा टाकू लागला, म्हणून संध्यानं फोन आपल्याकडे घेतला.

मार्चमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या. मेधाचा फोन आता रोज येत नसे, शुक्रवारी अकराला यायचा. त्या शुक्रवारी हेझलची एक जाड काळतोंडी मेंढी सकाळपासून अडली होती. हेझलच्या बोटांना संधिवात, मुठी वळेनात. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या शेतावर अडकलेला.

"तुझा हात लहान आहे," हेझल म्हणाली.

संध्यानं बाही वर केली, कोपरापर्यंत साबण लावला आणि गवतावर आडवी झाली. आत गरम आणि घट्ट होतं, कळ आली की मनगट चेपून निघायचं. एक खूर लागला. दुसरा लागेना. मागं मुडपलेला होता. भिंतीला टेकून गाठीवर बसलेला प्रसन्न मेंढीचं डोकं मांडीवर धरून होता. "सावकाश," तो म्हणाला, एका दमात. "घाई करू नको, सावकाश."

जाकिटाच्या खिशात फोन वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला.

तिनं खूर पकडला, तळव्यात झाकला आणि पुढं ओढला. पिल्लू घसरून बाहेर आलं, पिवळं, चिकट, निपचित. हेझलनं गवताच्या काडीनं त्याच्या नाकात टोचलं. काही नाही. पुन्हा टोचलं. पिल्लू शिंकलं.

अर्ध्या तासानं, हात धुऊन, संध्यानं फोन लावला. मेधानं पहिल्याच रिंगला उचलला. आवाज घाबरलेला होता. "संध्या! काय झालं? दोनदा केला मी."

"काही नाही, ताई. मेंढी अडली हुती. माझा हात आत हुता."

पलीकडे मेधानं नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं," ती म्हणाली. "बरं. परमिटचं उत्तर अजून नाही आलं. पुढच्या शुक्रवारी करू मग फोन?"

संध्यानं गोठ्यात पाहिलं. अजून सतरा मेंढ्या व्यायच्या होत्या. हेझल कंबर धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती.

"करा की," ती म्हणाली. "पण ताई, दुपारनंतर करा. सकाळी मी हितं लागते." आणि फोन खिशात टाकून हेझलला उठवायला गेली.